पाण्यावर फिरणारे जाते

श्रोतेहो, कोंबडा आरवायच्या आत घरोघर जात्याची घरघर सुरू व्हायची, हे तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. घरची ज्वारी दळता दळता बाईमाणसाचा पिट्ट्या पडे. मग आपल्या गावांनी ओढ्याचे पाणी जात्याला का जुंपले नाही?

युक्ती ठाऊक नव्हती, असे म्हणवत नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. बुखाऱ्याकडून आलेले सूफी साधू बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे हे आवार. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या मध्यापर्यंत इथले बांधकाम होत गेले. फकीर, शिष्य, यात्रेकरू यांच्या रोजच्या भाकरीला लागणारे पीठ हातांनी दळणार कोण?

चक्की तशी साधीच. पाणी उंचावरून खाली सोडायचे. तळाशी आडवे चाक, त्याला पाती. पात्यांवर धार आदळली की चाक फिरते, आणि चाकात बसवलेला उभा दांडा वरच्या दगडाला फिरवतो. आपण जात्याचा खुंटा वरून धरतो, पाण्याने तो खालून धरला, इतकेच!

खरी करामत चक्कीबाहेर आहे. काही मैलांवरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी इथवर आणले आहे. वाटेत उंच बांधीव खांब. त्यांत पाणी वर चढते, कोंडलेली हवा निघून जाते आणि पाणी पुढे सरकते. ही विद्या या शहराला जुनीच. 1610 साली मलिक अंबरने खडकी वसवली, तिलाही त्याने असेच नहरीचे पाणी दिले होते.

हिमालयात झरे बारमाही, म्हणून तिथल्या खेड्यापाड्यांत ‘घराट’ नावाच्या पाणचक्क्या झाल्या. आपले बहुतेक ओढे होळीच्या आत कोरडे. चाक सुतारानेही केले असते हो. पण बारा महिने पाणी पुरवणारी नहर खोदायची, गाळ काढायचा, फुटला नळ बदलायचा, हा खर्च दरबार किंवा मोठे देवस्थानच सोसू जाणे. गावाला तो कुठला परवडणार?

म्हणून दळण बायकांच्याच हाती राहिले. विसाव्या शतकात तेलाच्या इंजिनावरची गिरणी खेड्यात आली. तिथे मात्र दळणाचे पैसे मोजावे लागत. ज्या घरी ते नसत, तिथली जाती पुढेही कैक वर्षे पहाटे फिरतच होती.