बालचिंतेतून उद्भवणाऱ्या शारीरिक तक्रारी

मुलाचे पोट, डोके किंवा छाती वारंवार दुखणे, मळमळणे, चक्कर येणे, हातपाय बधिर होणे, आणि तपासण्यांत त्या त्रासाच्या मानाने काहीच न सापडणे, असा हा तक्रारींचा समूह. शाळेची, परीक्षेची, घरातल्या भांडणांची किंवा आईपासून दूर राहण्याची धास्ती बहुधा त्याच्या मुळाशी असते. वेदना खरी असते. एरवी कोशात हे मुद्दाम लिहावे लागले नसते. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटले, की घरी पोचेपर्यंत त्याचे ‘पोरगं नाटक करतंय’ असे होते.

या विषयाचा पाया घालणारी पाहणी इंग्लंडातली. जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी १९५८ मध्ये ब्रिस्टल भागातील एक हजार शाळकरी मुलांची माहिती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजचे व्यवहार अडतील इतके पोट दुखणारी मुले त्यांना दर दहांत एकाहून किंचित जास्त आढळली. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शरीरातील दोषाचा संभव अधिक, हा ॲप्लींचा ठोकताळा बालरोगतज्ज्ञ आजही वापरतात. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही अटच वगळली. लक्षणापायी होणारी काळजी आणि विस्कळीत झालेले आयुष्य हा निदानाचा आधार ठरला. हा बदल योग्यच होता. कारण सापडले नाही म्हणून मानसिक ठरवणे हे निदान नव्हे, ती निदानाची गैरहजेरी होय. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढते, आतड्यांची हालचाल बदलते आणि आतड्यांकडून मेंदूला जाणारे एरवी न जाणवणारे संदेश दुखण्यासारखे जाणवू लागतात. मान व कपाळाचे स्नायू आखडून डोके धरते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे वाकडी होतात; गावात याला ‘हातपाय वळले’ म्हणतात. घरचे लोक ‘दातखीळ बसली’ म्हणत कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. श्वास मंदावला की बोटे आपोआप सुटतात आणि श्रेय कांद्याला जाते.

सिल्लोड छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. हिरव्या मिरचीसाठी नाव असलेल्या या तालुक्यात पोट दुखणाऱ्या मुलाचा पहिला उपचारही मीठ-मिरच्या उतरून टाकण्याचा असतो. त्यानंतर बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, जंताची गोळी, खासगी दवाखान्यात सलाईन आणि शेवटी सोनोग्राफी. खरी गुंतागुंत इथे सुरू होते. अहवालात ‘पोटात लहान गाठी’ असे लिहून येते. आतड्यांच्या पडद्यातील लसिकाग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या, बाकी काही खूण नसलेल्या ग्रंथींना सहसा महत्त्व नसते. पण ‘गाठ’ हा शब्द ऐकून आईबाप हादरतात, क्षयाची शंका निघते, कधी पुराव्याविना औषधेही सुरू होतात. सोनोग्राफी करणाऱ्याने अहवालात ‘वयानुरूप’ एवढे जोडले, तर अनेक कुटुंबांची शहरापर्यंतची फेरी वाचेल. गुण आला नाही की काही कुटुंबे अंगारा-उताऱ्याकडे वळतात, तर काही शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याची वाट धरतात. श्रद्धेने धीर मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र उपचाराच्या नावाखाली मुलाला मारहाण करणे किंवा डागणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

ही लक्षणे एका मुलाकडून दुसऱ्याकडे पसरूही शकतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईतील गोवंडीच्या एका महापालिका शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्यावर काही दिवसांनी एक विद्यार्थिनी दगावली. ती गोळ्यांमुळेच गेली अशी अफवा पसरताच शंभराहून अधिक मुलांना मळमळ, चक्कर, पोटदुखी सांगत रुग्णालयांत नेण्यात आले. बहुतेकांना लवकरच घरी सोडले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक निष्कर्षात मृत्यूचे कारण क्षय दिसले. म्हणजे एका मुलीला खरा आजार होता आणि बाकीच्यांना खरी भीती. शाळेतील प्रत्येक सामूहिक मळमळ मात्र मनाची समजू नये. अन्न आणि पाणी तपासल्याशिवाय तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

वजन घटणे, उंची न वाढणे, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारी वेदना, हिरवी उलटी, शौचातून रक्त, सांधे सुजणे, किंवा सकाळच्या डोकेदुखीसोबत उलट्या यांपैकी काही असल्यास शारीरिक आजाराचा कसून शोध घ्यावा लागतो. झटका येताना जीभ चावली गेली वा कपडे ओले झाले, तर अपस्मार आधी तपासतात. उलट सोमवारी सकाळी दुखणे, दुपारी कमी होणे आणि दिवाळीच्या सुट्टीत नाहीसे होणे ही चिंतेच्या बाजूची साक्ष आहे.

उपचारात मोजक्या तपासण्या एकदाच करून थांबणे सर्वांत अवघड, कारण सलाईन न लावणारा डॉक्टर घरच्यांना उपचार न करणारा वाटतो. लिन वॉकर यांच्या २००६ मधील प्रयोगात पालकांनी दुखण्याकडे लक्ष पुरवल्यावर मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, तर लक्ष दुसरीकडे वळवल्यावर निम्म्यावर आल्या. पालकांना मात्र लक्ष वळवण्याचीच धास्ती वाटत होती. ‘अजून दुखतं का रे?’ हे दर तासाला विचारणे म्हणूनच टाळायचे. शाळा पूर्ण बंद ठेवू नये. सुरुवातीला दोन तास चालतील, पण रोज. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचाराचा पुरावा चांगला आहे. मास्तरांचा मार, शाळेतली छळणूक किंवा लैंगिक अत्याचार मागे असू शकतो, म्हणून मुलाशी एकांतात बोलणे अत्यावश्यक. अत्याचाराची शंका आल्यास पॉक्सो कायद्यानुसार कळवावेच लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. त्याची पथके शाळांत मुले तपासतात. त्यांच्या मूळ तीस आजारांच्या यादीत अतिचंचलता व शिकण्यातील अडचणी होत्या, चिंता स्वतंत्रपणे नव्हती. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. अशा मुलाला तिथे नेण्याची गरजही नसते. संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार दोन्ही विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.