जुन्या शिकारवर्णनांतला 'एल्क' आणि आपला मेरू

दक्षिण हिंदुस्थानातली जुनी इंग्रजी शिकारवर्णनं वाचायला घेतली की 'एल्क' हा शब्द आडवा येतो. कोश उघडला तर युरोपातला मूस नाहीतर अमेरिकेतलं वापिटी हरीण सापडतं. मग वाचणाऱ्याला वाटतं, सह्याद्रीत हे जनावर होतं की काय? नव्हतं. मद्रास इलाख्यात आणि सिलोनात गोरे शिकारी सांबरालाच एल्क म्हणत. सॅम्युअल बेकर नुवारा एलियाच्या डोंगरात कुत्री घेऊन ज्या 'एल्क'मागं धावला, ते सांबरच. आपल्या घाटात आणि गोव्यात त्याला मेरू म्हणतात. उत्तर कानडा जिल्हा 1862 पर्यंत मद्रास इलाख्यात होता, हे लक्षात घेऊन आपल्या सीमेवरच्या रानाबद्दलचे जुने कागद वाचताना हा शब्द तपासूनच घ्यावा.

आता छावणीत नवा आलेला एखादा साहेब पहिल्या 'एल्क आणि डिअर'च्या शिकारीचा बेत कसा करत असेल, ते बघू.

पहिला प्रश्न रजा कधी घ्यायची. सांबराच्या नराची शिंगं साधारण दिवाळीनंतर पक्की झालेली असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बहुतेकांची गळतात. चितळाचं उलटं, त्याची शिंगं बहुतेक करून उन्हाळ्यात ऐन भरात. थंडीच्या सुरुवातीला गवत पुरुषभर उंच, काही दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतरच्या रानात हिवतापाची भीती. डासांचा संबंध रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत 1897 मध्ये दाखवला. तोवर दोष रानच्या हवेला. एकाच रजेत दोन्ही साधायचं तर फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात सोयीचा. गवत वाळलेलं आणि जनावर पाणवठ्याकडं वळू लागलेलं.

दुसरा प्रश्न सामानाचा. तंबू, क्विनीन, शिधा, काडतुसं, सगळं बैलगाडीवर. 1880 च्या दशकाअखेर लोंढा, कॅसलरॉकवरून मुरगावला रेल्वे गेली आणि रान एकदम जवळ आलं. तरी स्टेशनाच्या पुढं बैल आणि माणसंच.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा: जनावर दाखवणार कोण? सांबर रात्री चरतं आणि दिवसा दाट झाडीत बसून राहतं. म्हणून एक तर पहाटे माग काढत जायचं, नाहीतर हाका घालायचा. कोणत्या नाळीतून जनावर सुटेल, वारा कुठून आहे, साहेबाला कुठं उभं करायचं, हे गावचा शिकारी ठरवी. डबे, ढोल वाजवत झाडीत शिरणारे हाकेकरी गावचेच. उठलेलं अस्वल किंवा गवा आधी त्यांच्याच अंगावर येणार. बंदूक साहेबाची, पण बेत गावाचा, असंच म्हणायला पाहिजे. वर्णनांत मात्र शिंगांची लांबी इंचात असते आणि ही माणसं बहुधा नुसती 'शिकारी' नाहीतर 'कुली'.

यात 1878 साल महत्त्वाचं. त्याच वर्षी हत्यारांचा कायदा आला आणि जंगलाचाही. देशी माणसाला बंदुकीला परवाना लागू लागला, गोऱ्यांना त्यातून सूट होती. राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं, लाकूड आणणं सगळं सरकारी नियमाखाली गेलं. म्हणजे ज्याच्या माहितीवर शिकार ठरे, तोच स्वतःसाठी त्या रानात गेला तर गुन्हेगार. 1912 च्या कायद्यानं हरणांसाठीही बंद हंगाम ठरवण्याची सोय केली, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचं हे पर्व मिटलं. ते मिटलं हे बरंच झालं. आज भीमगडच्या रानात मेरू आहे.

पण त्याबरोबर एक गोष्ट निसटत चालली आहे. 1972 आधी पोरवयात हाक्याला गेलेला माणूस आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढं आहे. जांबोटी, कणकुंबी, खानापूर भागात आपली पाव्हणेमंडळी आहेत. त्यांना विचारा: हाक्याची मजुरी काय मिळे, मटणाची वाटणी कशी होई, कुठल्या नाळीला काय नाव होतं. मराठी, कानडी, कोंकणी, ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत उतरून घ्या. साहेबांची बाजू ग्रंथालयात शाबूत आहे. दुसरी बाजू फक्त या म्हाताऱ्यांच्या तोंडात उरली आहे.