ताकद कुठून येते? : टाकळी, तालीम आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

नाशिकमध्ये ताकदीच्या दोन जुन्या गोष्टी सांगतात. पहिली टाकळीची. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, जिथे गोदावरीला मिळते तिथे सतराव्या शतकात समर्थ रामदास बारा वर्षं राहिले. पहाटे नदीच्या पाण्यात उभं राहून जप आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार, असं परंपरा सांगते. दुसरी सप्तशृंगगडाची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आव्हान घेऊन आले. ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारलं आणि तयारीसाठी ते वणीच्या गडावर गेले. तिथे झाडांवर खेळणारी माकडं पाहून त्यांना लाकडी खांबावरची कसरत सुचली, आणि मल्लखांबाला नवा जन्म मिळाला, अशी ही कथा.

दोन्ही गोष्टींत ताकद तरुण पुरुषाची आहे. तालमीत मारुती असतो आणि तो ब्रह्मचारी असतो, हा योगायोग नाही. आयुर्वेदाच्या सात धातूंत शुक्र शेवटचा: रसापासून रक्त, रक्तापासून मांस, असं करत करत सगळ्याचं सार शुक्रात उतरतं. म्हणून वस्ताद पोरांना सांगायचे, वीर्य राखा, ताकद राहील. ‘पौरुष’ या एकाच शब्दात आपण पुरुषपण आणि पराक्रम दोन्ही भरून ठेवले आहेत.

आता प्रश्न असा, की ज्या पुरुषाच्या शरीरातून हे पौरुष औषधाने काढून घेतलं आहे, त्याने काय करायचं? त्याने तालमीत पाय ठेवायचा की नाही?

हा प्रश्न मला पडला तो घरामुळे. माझे मोठे काका पंचवटीतले, तरुणपणी जोर-बैठका मारलेले. सत्तरी ओलांडल्यावर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. वर्षभरात दंड उतरले, पोट सुटलं, जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. मी म्हटलं, काका, हलके डंबेल्स आणू का? ते म्हणाले, “अरे, मशीनमधलं तेलच काढून घेतलंय. आता हँडल फिरवून काय उपयोग?”

काकांचा हा समज फक्त तालमीतला नाही. आधुनिक वैद्यकही बराच काळ याच समजाच्या आसपास फिरत होतं. १८८९ साली ब्राऊन-सेकार या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पुन्हा जोर आला असं जाहीर केलं. तो परिणाम बहुधा मनाचाच होता, पण शोध थांबला नाही. १९३५ साली बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं. पौरुषाला रासायनिक सूत्र मिळालं.

पुढच्या सहाच वर्षांत त्याची दुसरी बाजू दिसली. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं, की प्रोस्टेटचा कॅन्सर याच हार्मोनवर पोसला जातो. वृषणं काढली किंवा स्त्री-हार्मोन दिलं, की पसरलेला कॅन्सरही मागे हटतो. हगिन्सना यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. योगायोग असा, की १९४१ च्याच फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. पुढे, १९८५ च्या सुमारास, वृषणं न काढता मेंदूकडून येणारा हुकूमच बंद करणारी इंजेक्शनं बाजारात आली. आपल्याकडे आजही दोन्ही वाटा चालतात. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते. इंजेक्शन महिन्या-तीन महिन्यांनी घ्यावं लागतं.

या उपचाराने असंख्य लोकांचं आयुष्य वाढलं. पण त्याची किंमत शरीर देतं. स्नायू झिजतात, चरबी वाढते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात आणि झोपूनही न जाणारा थकवा येतो. बरीच वर्षं यावरचा सल्ला एकच होता: आराम करा. वजन उचलायला सांगण्याबद्दल दोन शंका होत्या. हार्मोनच नाही तर स्नायू दाद देतील का? आणि व्यायामाने टेस्टोस्टेरॉन वाढून कॅन्सरच तर जागा होणार नाही ना?

पहिल्या शंकेचं उत्तर २००३ साली कॅनडातून आलं. सीगल आणि सहकाऱ्यांनी हार्मोनचे उपचार घेणाऱ्या १५५ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, वजनांचा व्यायाम केला. दुसरा गट थांबला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली, थकवा कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. दुसऱ्या शंकेवर ऑस्ट्रेलियात गॅल्व्हाओ आणि न्यूटन यांनी २००६ पासून काम केलं. वीस आठवड्यांच्या व्यायामानंतरही टेस्टोस्टेरॉन आणि पीएसए, म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण, दोन्ही जागच्या जागी राहिले. हा अभ्यास अवघ्या दहा जणांचा होता. २०१० साली त्याच चमूने ५७ जणांवर केलेल्या चाचणीत वजनं आणि चालणं-सायकल यांची जोड दिली, तेव्हा स्नायूही वाढलेले दिसले.

मला हा इतिहासातला मोठा क्षण वाटतो, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. टेस्टोस्टेरॉन असेल तर स्नायू सहज वाढतात, हे खरंच आहे. पण ते जवळजवळ शून्यावर आणलं तरी स्नायू ओझ्याला उत्तर देणं सोडत नाही. त्याला ताण कळतो. तेल काढून घेतलं तरी मशीन फिरतं, फक्त हळू.

आता खुराक. तालमीचं निम्मं शास्त्र खुराकात असतं: दूध, तूप, बदाम, थंडाई, अंडी. युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाने तर डंबेल्ससोबत स्वतःच्या नावाची कोको पावडरही विकली. म्हणजे जिमबाहेरच्या दुकानातला डबा आजचा नाही. कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात तर असे डबे आपोआप जमा होतात. कुणी व्हिटॅमिनं आणतं, कुणी अश्वगंधा, कुणी ‘इम्युनिटी’चा काढा. त्यात प्रेमच असतं.

पण या प्रेमाची परीक्षाही झालेली आहे. १९९० च्या दशकात दोन मोठ्या चाचण्यांत असा इशारा मिळाला, की व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर कमी होतो. दोन्ही चाचण्या मुळात दुसऱ्याच आजारांसाठी होत्या. खात्री करायला २००१ साली अमेरिकेत ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. त्यात ३५,००० हून अधिक निरोगी पुरुष होते. फायदा दिसेना म्हणून २००८ साली गोळ्या थांबवल्या. लोकांवर लक्ष ठेवणं मात्र चालू राहिलं. २०११ चा निकाल उलटा निघाला: नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त होता. ज्या गोळीने वाचवायचं, तिनेच धोका वाढवला.

म्हणून डब्यावरचं नाव वाचण्याआधी त्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखवावं. काही छोट्या अभ्यासांत अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं आहे. ज्याचा सगळा उपचार ते कमी करण्यासाठी चालला आहे, त्याने ती आपल्या मनाने घेऊ नये. बॉडीबिल्डिंगच्या काही उत्पादनांत लपवलेली स्टेरॉइड्स सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिला आहे. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी यांची गोष्ट वेगळी. हाडांसाठी त्यांची गरज पडू शकते, पण किती ते तपासणीवर ठरतं. प्रोटीन लागतंच. ते डाळ, उसळ, दूध, दही, अंडी यांतून मिळतं. जेवण कमी पडत असेल तर पावडर चालू शकते, पण किडनी तपासून. पावडर ही सोय आहे. स्नायू ओझ्याने वाढतो.

ओझं किती? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ साली कॅन्सर रुग्णांसाठी दिलेला सल्ला साधा आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम, आणि किमान दोनदा ताकदीचा, प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, आठ ते पंधरा वेळा. कॅन्सर हाडांत गेला असेल तर मनाने वजन उचलायचं नाही. कोणत्या हाडावर भार टाकायचा आणि कोणत्या नाही, हे स्कॅन पाहून तज्ज्ञाने ठरवायचं. २०१३ साली ऑस्ट्रेलियात अशा वीस रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत व्यायामाच्या गटातल्यांनी दुखऱ्या जागा वगळून सुरक्षितपणे व्यायाम केला होता.

हे सगळं वाचताना मला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. तरुणपणी त्यांनी सँडोची पद्धत वर्षानुवर्षं केली, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९२८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. सत्तरीच्या घरातही ते नमस्कार घालत आणि प्रजेलाही घालायला लावत: शाळकरी मुलांना, बायकांना, म्हाताऱ्यांना. ताकद फक्त तरुण ब्रह्मचाऱ्याची नाही, ही गोष्ट मराठी मुलखात अशी आधीच सांगून झाली होती. आपण तिच्याकडे फारसं पाहिलं नाही, एवढंच.

तालमीनेही दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, ताकद वीर्यात असते. दुसरी, आज दहा जोर, उद्या अकरा, आणि समोर चुका पाहणारा वस्ताद. पहिली गोष्ट प्रयोगात पूर्ण टिकली नाही. दुसरी टिकली. कॅनडातल्या त्या पुरुषांनी केलं ते हेच: थोडं वजन, थोडं वाढवत, कुणाच्या तरी नजरेखाली, न चुकता.

तुमच्या घरात असे कुणी काका, आजोबा, बाबा असतील, तर डबा विकत घेण्याआधी त्यांच्या पुढच्या तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना एकच विचारा: यांनी किती वजन उचललेलं चालेल? ‘तालीम’ या अरबीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ आखाडा नव्हे, शिकवण. आणि शिकायला वयाची अट नसते.