दुग्धोत्पादनाचे पूर्वानुमान, अपूर्ण वेताच्या नोंदींवरून

गाय व्याल्यापासून ती आटेपर्यंतच्या काळातील (वेतातील) एकूण दूध, पहिल्या काही महिन्यांच्या नोंदींवरून अजमावणे म्हणजे हे पूर्वानुमान होय. तुलनेसाठी ३०५ दिवसांचे वेत प्रमाण मानतात. वर्षाला एक वेत आणि त्यात ६० दिवसांचा भाकड काळ, असा त्यामागील हिशोब आहे.

डेन्मार्कमधील वेयेन येथे १८९५ मध्ये आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९०५ मध्ये दूध-नोंदणी संस्था निघाल्या. या नोंदींचा एक महत्त्वाचा उपयोग म्हणजे वळूंची पारख. वळूची योग्यता त्याच्या मादी संततीच्या दुधावरून ठरवावी लागते. वेत पुरे होईपर्यंत थांबल्यास निर्णय लांबतो. शिवाय दूध कमी म्हणून मध्येच कळपातून काढलेल्या गायींच्या अपूर्ण नोंदी वगळल्यास निकृष्ट वळू अकारण चांगला ठरतो.

प्रारंभी अपूर्ण नोंदीस ठराविक गुणकाने गुणीत. समजा, कळपाची सरासरी ९० दिवसांत १,५०० किग्रॅ. व पूर्ण वेतात ४,००० किग्रॅ. आहे. ९० दिवसांत १,८०० किग्रॅ. देणाऱ्या गायीचे अनुमान गुणकाने ४,८०० किग्रॅ. येते. परंतु प्रारंभीची आघाडी शेवटपर्यंत त्याच प्रमाणात टिकत नाही. व्हॅन व्ह्लेक व हेंडरसन यांनी १९६१ मध्ये समाश्रयणावर आधारित गुणक मांडले. समाश्रयणाने आघाडीच्या प्रत्येक किलोमागे अंतिम वाढ २ किग्रॅ. आढळल्यास वरील अनुमान ४,६०० किग्रॅ. इतकेच येते.

दुधाचा चढउतार सूत्रबद्ध करण्याचे प्रयत्नही झाले. ब्रॉडी, रॅग्सडेल व टर्नर यांनी १९२३ मध्ये उतरणीचे घातीय सूत्र दिले. वुड यांच्या १९६७ मधील सूत्रात प्रारंभीची पातळी, शिखरापर्यंतची चढण व नंतरची उतरण तीन स्थिरांकांनी व्यक्त होते; मात्र शिखरापूर्वीच्या मोजक्या नोंदींवरून उतरणीचा स्थिरांक विश्वसनीयपणे काढता येत नाही.

व्हॅनरॅडन यांनी १९९७ मध्ये विविध दिवसांच्या दुधातील सहसंबंध वापरून अनुमान व त्याची विश्वसनीयता एकत्र काढण्याची रीत मांडली. कॅनडात १९९९ पासून प्रत्येक मोजणीच्या दिवसाची नोंद आनुवंशिक मूल्यमापनात थेट घेतली जाऊ लागली. त्यामुळे त्या मूल्यमापनापुरती अपूर्ण वेत आधी पूर्ण करून घेण्याची गरज उरली नाही.