इंग्रजी क्रियापदाचा सराव (मराठी माध्यम)

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचे काळ, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आणि मोडल ऑक्झिलरी हे घटक वाक्यरूपांतराच्या सरावाने शिकवण्याची रूढ पद्धत. पुसद (जि. यवतमाळ) येथील मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात तिची ही नोंद.

पूर्वपीठिका : दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814–1882) यांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची होती. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. इंग्रजी शिकणाऱ्या अनेक पिढ्यांच्या हाती मात्र तर्खडकर याच आडनावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला होती : आधी शब्द, मग नियम, नंतर दोन्ही भाषांतून भाषांतराची वाक्ये. पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने रूपांतराची प्रश्नमाला रुळवली. राज्यात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याचा परिणाम किती झाला, याबाबत एकमत नाही.

काळ : बारा काळांचा तक्ता आणि ‘गो-वेंट-गॉन’ अशी तीन रूपे पाठ करून घेतात. चुका तक्त्यात कमी, निवडीत जास्त होतात. ‘मी पाच वर्षांपासून पुसदला राहतो’ यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर फाइव्ह इयर्स’ लागते. विद्यार्थी ‘आय ॲम लिव्हिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितो. ‘मी काल आलो आहे’ मराठीत खपते, पण ‘हॅव कम’च्या जोडीला ‘यस्टरडे’ चालत नाही. ‘आलोच!’ हा भूतकाळ तर मराठीत येण्याआधीच वापरतात. ‘डिड नॉट वेंट’ ही चूक महाविद्यालयापर्यंत टिकते.

प्रयोग : खरा घोळ येथे आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठीच्या तासाला हा कर्मणी प्रयोग ठरतो. इंग्रजीच्या तासाला त्याच वाक्याचे भाषांतर ‘राम एट अ मँगो’, म्हणजे ॲक्टिव्ह. दोन्ही तासांचे नियम आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांची सांगड मात्र कोणत्याच तासाला घातली जात नाही. पॅसिव्हसाठी वर्गात ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असे वाक्य देतात. व्याकरणकार या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात. ती इंग्रजीच्या प्रभावाने आली असे सामान्यतः मानतात. तो प्रभाव नेमका किती, हा वादाचा मुद्दा आहे. घरी असे कोणी बोलत नाही.

इंग्रजी पॅसिव्हला अधिक जवळची रचना बातमीत आणि सरकारी पत्रात रोज भेटते : ‘पूस नदीवर धरण बांधण्यात आले’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’. कोणी बांधले, कोणी नामंजूर केला, हे सांगायची गरज नसते किंवा इच्छा नसते. पॅसिव्हचे मुख्य काम तेच. शालेय सरावात मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बाय’ जोडून कर्ता परत आणतात. रूप अचूक बनते, पण ते कधी वापरावे हे कळत नाही. सूत्र ठरलेले : योग्य काळातील ‘बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. शालेय पुस्तकांत बारांपैकी आठच काळांचे पॅसिव्ह करतात.

मोडल : ‘कॅन’ला शकतो, ‘शुड’ला करायला हवे, ‘मस्ट’ला केलेच पाहिजे, ‘हॅड टू’ला करावे लागले. ‘मला जावे लागले’ मधील ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ होतो. नेहमीच्या चुका : ‘कॅन एबल टू’, ‘मस्ट टू गो’.

पुसद : हा तालुका 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडल्यावर यवतमाळला जोडला गेला. दहावी-बारावीच्या परीक्षा अमरावती विभागीय मंडळाच्या. बंजारा मुले गोरबोलीतून मराठीत आणि तेथून इंग्रजीत येतात. येथे फुलसिंग नाईक महाविद्यालय व बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय (1983) आहे. अभियांत्रिकीच्या प्रयोगवहीत ‘वॉज हीटेड’, ‘वॉज मेझर्ड’ अशी कर्ता नसलेली वाक्ये लिहावी लागतात, आणि पॅसिव्हचा खरा उपयोग विद्यार्थ्याला तेव्हा कळतो.

मूल्यमापन : रूपांतराच्या सरावाने परीक्षेतले गुण मिळतात. काळाची व प्रयोगाची निवड मात्र सलग परिच्छेद लिहिल्याशिवाय येत नाही, आणि या पद्धतीत सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो.