आंबट कोबीची बरणी आणि भंडारदऱ्याची बेगमी

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. भंडारदऱ्यात बसून जर्मन स्वयंपाकावर काय बोलणार? पण गेले दोन हिवाळे आम्ही घरी जर्मन पद्धतीचं जेवण करून पाहतोय आणि ते करताना जी इतिहासाची पानं उलगडली, ती आज तुमच्यापुढे ठेवायची आहेत.

सुरुवात बरणीपासून करू. जर्मन घरात 'साउअरक्राउट' म्हणून एक पदार्थ असतो. साउअर म्हणजे आंबट, क्राउट म्हणजे कोबी. कृती इतकी साधी की लिहून घ्यायचीही गरज नाही. एक किलो कोबी बारीक चिरायचा, त्यावर 20 ग्रॅम मीठ घालायचं आणि पाणी सुटेपर्यंत हातानं चांगला चुरायचा. मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर वजन ठेवायचं. कोबी त्याच्याच पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे, ही एकच अट. तेल नाही, व्हिनेगर नाही, मोहरी नाही. चवीला हवं तर थोडं शहाजिरं.

आता यात घडतं काय? कोबीच्या पानावर मुळातच सूक्ष्म जिवाणू असतात. मिठामुळे नासवणारे जिवाणू मागे पडतात आणि कोबीतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करणारे पुढे येतात. दह्यात जे आम्ल असतं तेच हे. म्हणजे कोबीचं विरजणच म्हणा ना! जर्मनीच्या थंडीत याला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तीन आठवड्यांत छान लागला. पहिल्या वर्षी मात्र आम्ही हौसेनं मे महिन्यात घातला होता. पाचव्या दिवशी बरणी फसफसली, कोबी मऊ पडला, वास सहन होईना. तेव्हा कळलं, हा पदार्थ थंडीचा आहे.

आणि इथेच इतिहास सुरू होतो. उत्तर युरोपात नोव्हेंबरनंतर शेतात काही उगवत नाही. चार-पाच महिने हिरवं पान दिसत नाही. मग शरद ऋतूतला कोबी पिंपात घालून ठेवायचा आणि वसंतापर्यंत खायचा. त्यात क जीवनसत्त्व टिकतं, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण तो खाणाऱ्याच्या हिरड्या सुजत नाहीत, हे ठाऊक होतं. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकनं 1768 च्या सफरीत हा कोबी बरोबर नेला. खलाशी तोंड वाकडं करायला लागले, तेव्हा त्यानं तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागायला लागले. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच!

बटाट्याचीही गोष्ट अशीच. जर्मन जेवण म्हटलं की बटाटा, असं आपण समजतो. पण तो त्यांचाही नाही, आपलाही नाही. दोघांकडे तो दक्षिण अमेरिकेतून आला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, म्हणून शब्दही त्यांचाच राहिला. पाव आणि कोबी हे शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच आले. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजानं 1756 साली फर्मान काढून शेतकऱ्यांना बटाटा लावायला सांगितलं, कारण धान्य बुडालं तर पोट भरायला काहीतरी हवं होतं. आजही लोक त्याच्या समाधीवर फुलांबरोबर बटाटे ठेवतात. उकडलेल्या बटाट्याचे काप कांद्याबरोबर खरपूस परतून ते खातात. आमच्या घरी म्हातारी माणसं ते पाहून म्हणाली, "अरे, ह्या तर काचऱ्या!"

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. भंडारदऱ्याचं धरण बांधायला 1910 मध्ये सुरुवात झाली आणि 1926 मध्ये ते पुरं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडलेल्या भयंकर दुष्काळांनंतर खालच्या कोरड्या मुलखाला प्रवरेचं पाणी मिळावं, हा हेतू होता. धरणाच्या कामाची ही वर्षं चालू असताना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरमध्ये, सरकारनं जर्मनांची छावणी उघडली होती. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात राहणारे जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. व्यापारी, मिशनरी, अशा माणसांना तिथे स्थानबद्ध केलं. दुसऱ्या महायुद्धातही तेच झालं. 'तिबेटमधील सात वर्षे' लिहिणारा हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक 1939 मध्ये आधी नगरलाच आणला गेला होता.

आम्हाला या ठिकाणी थांबून एक चित्र डोळ्यांसमोर आणावंसं वाटतं. 1916-17 चा हिवाळा. इंग्रज आरमाराच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत बाहेरून धान्य येत नाही. त्यातच बटाट्याचं पीक कुजलं. गुरांना घालायचे सलगमसारखे कंद माणसांनी खाल्ले. त्यांच्या इतिहासात त्याला सलगमांचा हिवाळाच म्हणतात. नाकेबंदीच्या काळात उपासमारीनं किती नागरिक गेले याचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत आहेत. म्हणजे नगरच्या छावणीत कैदेत असलेल्या माणसाच्या घरची चूल त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेत असू शकत होती. आणि इकडे? 1918 मध्ये पावसानं दगा दिला, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई इलाख्यात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. एकाच साम्राज्याशी बांधलेले दोन मुलूख, दोन्हीकडे रिकामी भांडी.

म्हणून आम्ही म्हणतो, पारंपरिक जर्मन जेवण म्हणजे हॉटेलातली चैन नव्हे. ती गरिबाची बेगमी आहे. आणि बेगमी हा शब्द या डोंगरातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नगर शहरात वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर-रतनवाडीकडे त्याच्या कितीतरी पट. पूर्वी पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या. मग नागली, वरई, हुलगे, सुकवलेल्या भाज्या, सुकट, खुरासणीचं तेल, सरपण हे सगळं मृगाआधी घरात यायला हवं. त्यांचा बंद काळ बर्फाचा, आपला पावसाचा. एवढाच फरक!

धान्यातही हे साम्य दिसतं. जिथं गहू तग धरत नाही अशा थंड, रेताड जमिनीत त्यांची राय पिकते; जिथं भात लागत नाही अशा उतारावर आपली नागली. दोन्ही काळपट, दोन्ही गरिबाच्या म्हणून हिणवलेल्या. रायचं पीठ आंबवल्याशिवाय त्याचा पाव नीट होत नाही, आणि नागलीची आंबीलही आंबवूनच. आम्ही रायऐवजी नागली घालून आंबवलेला पाव करून पाहिला. निम्मं पीठ नागलीचं घेतलं तर दगड झाला. एक हिस्सा नागली, तीन हिस्से गहू केल्यावर जमला. गरम काचऱ्या, आंबट कोबी आणि हा काळसर पाव, असं ताट पोरांनी पुसून खाल्लं.

पण एक फरक आम्हाला बोचतो. जर्मन माणसानं आपला काळा पाव आणि आंबट कोबी श्रीमंती आल्यावरही सोडला नाही. आपण मात्र रेशनचा गहू आला आणि नागलीला मागास ठरवलं. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या मडक्यांत गावरान बियाणं जपलं, तेव्हा आधी लोक हसले असतील. पद्मश्री मिळाल्यावर बघायला आले. कुकच्या खलाशांची गोष्ट आठवते ना? साहेबांनी खाल्लं की मग आपण खाणार.

बेगमीचे ते दिवस सुखाचे होते असं आम्ही म्हणत नाही. त्यात भूक होती आणि बायकांचे कष्ट होते. उखळ, जातं, वाळवण हे सगळं त्यांच्याच माथी. ते परत यावं असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या कष्टांतून जमलेलं ज्ञान, काय कधी वाळवायचं, काय किती आंबवायचं, कुठलं बी कुठल्या उतारावर लावायचं, ते लिहून न ठेवता जाऊ द्यायचं का?

तेव्हा आज घरी गेल्यावर दोन कामं करा. थंडी पडली की एक किलो कोबीची बरणी घाला. आणि तो आंबेपर्यंतच्या तीन आठवड्यांत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईपाशी बसून विचारा, की आजी, पावसाळ्यासाठी तुम्ही काय काय भरून ठेवायचा? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. कोबी बिघडला तर पुन्हा घालता येतो. हे मात्र पुन्हा विचारता येईलच असं नाही.