नेट न्यूट्रॅलिटी : रिचार्ज आपला, मग निवड कोणाची?

ज्यांच्या घरचा माणूस दुबई-शारजाहला कामाला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. तिकडून व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, फोटो येतो, व्हॉइस नोटही येते. पण कॉल काही लागत नाही. नेट चालू आहे, पैसे भरलेले आहेत, तरी बोलणे बंद! कारण संयुक्त अरब अमिरातीत नेटवरून बोलायला परवाना मिळालेलीच ॲप चालतात. म्हणून भायखळा, नागपाड्यापासून परळ-लालबागपर्यंत कितीतरी घरांत ‘बोटिम’ डाऊनलोड केलेले दिसते. सौदी अरबने नियम पाळणाऱ्या ॲपवरची अशी बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली.

भारतात मात्र कोणत्याही सिमवर व्हॉट्सॲप कॉल लागतो. यामागे जे तत्त्व आहे, त्याचे नाव नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजेच नेटची समान वागणूक.

हे नेमके आहे काय?

आपण वीज कंपनीला युनिटचे पैसे देतो. त्या विजेवर पंखा लावायचा की शिलाई मशीन चालवायची, हे कंपनी विचारत नाही. नेटचेही तसेच असावे. आपण जीबीचे पैसे भरले की तो डेटा यूट्यूबवर खर्च करायचा, मुलांच्या अभ्यासाला वापरायचा की कुराण शरीफच्या ॲपवर, हे आपण ठरवायचे. कंपनीने एखादी साइट अडवू नये, मुद्दाम हळू करू नये आणि तिच्यासाठी वेगळा दर लावू नये. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केला.

आपल्याकडेही बंदी होती

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तिचे मुख्यालय आपल्या फोर्टमध्येच होते. पण नेटवरून फोनसारखे बोलायला एप्रिल २००२ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर आखातातल्या माणसाशी बोलायचे तर पीसीओत जाऊन मीटरकडे बघत बोलावे लागे.

पुढे स्मार्टफोन आले आणि डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेट कॉलिंगसाठी वेगळे पैसे घेण्याची घोषणा केली. लोक चिडले, तेव्हा काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली.

फुकटात काय वाईट?

खरा वाद २०१५ मध्ये पेटला. फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला सोबत घेऊन ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणले. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पुढे याचेच नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. त्यात ठरावीक साइट फुकट होत्या, बाकीच्यांना डेटाचे पैसे. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आले. त्यात ॲपवाली कंपनी पैसे भरणार आणि ग्राहकाला ते ॲप फुकट मिळणार.

गरिबाला फुकट मिळत असेल तर बिघडले कुठे, असे तेव्हा बऱ्याच जणांना वाटले. पण मोठी कंपनी पैसे भरू शकते. मदनपुऱ्यातला बॅगवाला, घरून बिर्याणीच्या ऑर्डर घेणारी बाई किंवा समाजाची छोटी मराठी वेबसाइट ते कुठून भरणार? ग्राहक फुकटाकडेच वळणार आणि बाकीच्यांचे दुकान उघडे असूनही गिऱ्हाईक येणार नाही. शिवाय गरिबाने काय वाचायचे, हे फुकट देणारा ठरवणार.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने ११८ पानांचा कागद काढून लोकांची मते मागवली. मुंबईतल्या ‘एआयबी’ या विनोदी कलाकारांच्या गटाने सोप्या भाषेत व्हिडिओ केला, तो घराघरात पोहोचला. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. फ्लिपकार्टही एअरटेल झिरोमधून बाहेर पडले.

आज नियम काय आहे?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने साइट किंवा ॲप बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फ्री बेसिक्स भारतातून गेले. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने साइट अडवणे, हळू करणे किंवा एखादीला जास्त वेग देणे यावरची बंदी कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच घातली.

दोन गोष्टींत गल्लत होते. रोजचा डेटा संपल्यावर वेग कमी होतो, तो सगळ्याच साइटसाठी. तो भेदभाव नाही. सरकार किंवा कोर्टाच्या आदेशाने साइट बंद होते, तो वेगळा कायदा आहे.

आपण काय करायचे?

एकच ॲप सतत अडकत असेल, तर आधी ते दुसऱ्या कंपनीच्या सिमवर किंवा वायफायवर चालवून बघा. फरक दिसला तर स्क्रीनशॉट ठेवा, कस्टमर केअरला तक्रार करून नंबर लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही.

नियम झाला म्हणजे कायमचा झाला, असेही नाही. अमेरिकेत असे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये काढले गेले, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केले. आपल्याकडेही मोठ्या ॲपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी टेलिकॉम कंपन्या करत आहेत. तो बोजा शेवटी ग्राहकावरच पडू शकतो. म्हणून ट्राय पुन्हा मते मागवील, तेव्हा आपल्या घरातूनही एक ईमेल जायला हवा.